‘बाईला त्यातले काही वाटत नाही’ हे खरे नाही

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात मोबाइलवरील अश्लील चित्रफितींविषयी गेले काही आठवडे चाललेली चर्चा मी लक्षपूर्वक वाचत आले आहे. पत्रलेखकांची तळमळ खरी आहे, परंतु जवळजवळ प्रत्येक पत्रात एक समजूत न तपासता गृहीत धरलेली दिसते. पुरुष डोळ्यांनी चाळवतो, स्त्रीला असल्या दृश्यांचे काही वाटत नाही, वाटलीच तर किळस वाटते, आणि हा भेद निसर्गानेच घालून दिला आहे, अशी ती समजूत आहे. एका गृहस्थांनी तर तिच्याच आधारावर सुनांना सल्ला दिला आहे की नवरा असे काही पाहत असेल तर पुरुषाचा स्वभाव ओळखून गप्प राहावे. मी अंबाजोगाईत ३१ वर्षे महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर गेली नऊ वर्षे एका कौटुंबिक सल्ला केंद्रात आठवड्यातून दोन दिवस बसते. या विषयावर जगात झालेले संशोधन मी वाचलेले आहे आणि बीड, लातूर, परभणीकडच्या स्त्री-पुरुषांच्या तोंडून त्याची दुसरी बाजूही ऐकलेली आहे. त्या दोन्हींच्या बळावर सांगते की ही समजूत आहे त्या रूपात टिकणारी नाही, आणि तिची किंमत घराघरांतून मोजली जात आहे.

ही समजूत शास्त्राच्या नावाने पसरली ती प्रामुख्याने अमेरिकेतील आल्फ्रेड किन्सी यांच्या पाहण्यांमुळे. त्यांचा पुरुषांविषयीचा ग्रंथ १९४८ मध्ये आणि स्त्रियांविषयीचा १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे सहा हजार स्त्रियांच्या मुलाखतींवरून त्यांनी असे मांडले की चित्रे, चित्रपट, वर्णने यांचा परिणाम होत असल्याचे पुरुष जितक्या प्रमाणात सांगतात त्याहून पुष्कळ कमी स्त्रिया सांगतात. येथे ‘सांगतात’ हा शब्द महत्त्वाचा आहे. त्या काळच्या अमेरिकेत एखाद्या बाईने अनोळखी माणसासमोर बसून ‘होय, मला पाहावेसे वाटते’ असे म्हणणे किती अवघड असेल, याची कल्पना केजच्या किंवा गंगाखेडच्या कोणत्याही बाईला सहज येईल. तरीही सांगण्यातला फरक हा शरीरातला फरक मानला गेला, आणि पुढे कित्येक वर्षे तो तसाच शिकवला गेला. मीही नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत तो तसाच शिकवला, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

पुढे लोकांना विचारण्याबरोबर प्रत्यक्ष पाहणेही सुरू झाले. १९७० च्या सुमारास हॅम्बुर्ग येथे गुंटर श्मिट आणि फोल्कमार सिगुश यांनी विद्यार्थी आणि विद्यार्थिनी यांना तीच चित्रे व तेच चित्रपट दाखवून त्यांच्या प्रतिक्रिया नोंदवल्या, तेव्हा दोघांत फरक आढळला खरा, पण अपेक्षेपेक्षा तो बराच लहान होता. १९७० च्या दशकाच्या मध्यास स्त्रियांच्या शरीरातील रक्तप्रवाहाचा बदल मोजणारे उपकरण वापरात आले, आणि अमेरिकेतील ज्युलिया हाइमन यांनी स्त्री-पुरुष विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या ध्वनिमुद्रित कथा ऐकवून त्यांच्या शरीराचा प्रतिसाद मोजला. काही कथा केवळ प्रेमाच्या होत्या, काहींत उघड शरीरसंबंधाचे वर्णन होते. ‘बाईला फक्त प्रेम हवे असते’ हे खरे असते तर स्त्रियांचा प्रतिसाद पहिल्या प्रकाराला अधिक यायला हवा होता. तो आला उघड वर्णनाला, पुरुषांप्रमाणेच. आणखीही एक गोष्ट त्यात दिसली, जी माझ्या मते या सगळ्या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. उपकरणाने बदल स्पष्ट नोंदवलेला असताना काही स्त्रियांनी आपल्याला काहीही जाणवले नाही असे सांगितले.

त्या स्त्रिया खोटे बोलत होत्या असे मानण्याचे कारण नाही. २०१० मध्ये कॅनडातील मेरेडिथ चिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ ते २००७ या काळातील अशा १३२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत २,५०५ स्त्रिया आणि १,९१८ पुरुष होते. शरीराचा प्रतिसाद आणि व्यक्तीने स्वतः सांगितलेला अनुभव यांचा मेळ किती बसतो, हे त्यांनी तपासले. पूर्ण मेळ म्हणजे १ आणि मुळीच मेळ नाही म्हणजे शून्य, असे हे मोजमाप असते. पुरुषांत ते ०.६६ आले आणि स्त्रियांत ०.२६. याचा साध्या भाषेतील अर्थ असा की पुरुषाचे शरीर आणि मन बहुतेक वेळा एकाच बाजूला कलतात, तर स्त्रीच्या बाबतीत शरीर एक नोंदवत असते आणि मन दुसरेच काही सांगत असते, असे पुष्कळदा घडते. असे का होते याची निरनिराळी कारणे संशोधक देतात. शरीररचनेमुळे पुरुषाला स्वतःतील बदल दिसतो आणि स्त्रीला तो सहज दिसत नाही, हे एक. लहानपणापासून स्त्रीला आपल्या शरीराकडे दुर्लक्ष करायला शिकवले जाते, हे दुसरे. स्त्रीचे शरीर इजेपासून बचाव म्हणून, इच्छा नसतानाही, आपोआप प्रतिसाद देते, असेही काहींचे म्हणणे आहे. यांतले कोणते किती खरे यावर वाद चालू आहे, पण मूळ निरीक्षण वारंवार हाती आलेले आहे.

स्त्री-पुरुषांतला फरक शोधायचाच असेल तर तो येथे शोधावा लागतो, आणि तो समजला की आपल्या गावांतल्या कितीतरी बोलण्यांचा अर्थ बदलतो. ऊसतोडीच्या हंगामातून परतलेली धारूर तालुक्यातील एक बाई काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आली होती. फडाशेजारच्या कोपीत नवरा रात्री मोबाइल पाहायचा आणि नंतर तसेच वागायचा आग्रह धरायचा. ती म्हणाली, “मॅडम, त्याच्यात जे दाखवतेत ते मला करायला लावतेत. मपल्या मनाचं कोण इचारतंय?” मी नवऱ्याशी बोलले तेव्हा त्याने अगदी प्रांजळपणे सांगितले की ती तोंडाने नको म्हणते, पण तिचे शरीर तसे म्हणत नाही. तो माणूस क्रूर नव्हता. चित्रफितीत त्याने हजार वेळा पाहिले होते की बाई आधी नाही म्हणते आणि मग तिचे शरीर होकार देते, आणि ते त्याला निसर्गाचे सत्य वाटले होते. शरीराचा प्रतिसाद म्हणजे संमती नव्हे, हे त्याला आयुष्यात कोणी सांगितलेले नव्हते. जबरदस्ती झालेली दुसरी एक स्त्री कित्येक वर्षे स्वतःलाच दोषी मानत होती, कारण त्या क्षणी आपल्या शरीराने आपल्याला दगा दिला असे तिला वाटत होते. ज्ञानाअभावी एखादे माणूस केवढे ओझे वाहते हे त्या दिवशी मी पाहिले. शरीर असे आपोआप वागू शकते आणि त्यात तुझ्या इच्छेचा काहीही भाग नव्हता, हे मी तिला आकड्यांसकट समजावून सांगितले, तेव्हा ती पहिल्यांदा मोकळेपणाने रडली.

मेंदूविषयीही बरेच लिहिले जाते, म्हणून त्याबद्दल थोडे. २००४ मध्ये अटलांटा येथील एमरी विद्यापीठातील स्टीफन हॅमन आणि सहकाऱ्यांनी स्त्री-पुरुषांना तीच कामुक छायाचित्रे दाखवून मेंदूची क्रिया नोंदवली, आणि भावनांशी संबंधित अमिग्डाला व हायपोथॅलॅमस या भागांत पुरुषांची क्रिया अधिक आढळली. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ‘पुरुषांचा मेंदूच वेगळा’ म्हणून तो निष्कर्ष उचलला. अभ्यास प्रामाणिक होता, पण फार थोड्या लोकांवरचा होता. २०१९ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी असे ६१ अभ्यास, म्हणजे १,८५० व्यक्तींची माहिती, एकत्र करून पाहिली, तेव्हा स्त्री आणि पुरुष यांच्या मेंदूच्या प्रतिसादात लिंगानुसार ठळक फरक सापडला नाही. छायाचित्र दाखवले की चित्रफीत, याने पडणारा फरक त्याहून मोठा होता. नजरेचा माग घेणाऱ्या २००७ मधील एका प्रयोगात तर असे आढळले की पुरुष हे चित्रातील स्त्रीच्या चेहऱ्याकडे स्त्रियांपेक्षा अधिक पाहत होते. पुरुषाची नजर कोठे जाते याविषयीची आपली खात्रीसुद्धा तपासून घ्यावी लागेल, असा त्याचा अर्थ आहे.

मग स्त्रियांना ही दृश्ये आवडत का नाहीत, असा प्रश्न कोणी विचारील. नेदरलँड्समधील एलेन लान यांनी १९९४ मध्ये याच प्रश्नाला हात घातला. त्यांनी स्त्रियांना दोन प्रकारचे चित्रपट दाखवले, एक पुरुष दिग्दर्शकाने नेहमीच्या पद्धतीने बनवलेला आणि दुसरा स्त्रीने स्त्रीची इच्छा लक्षात घेऊन बनवलेला. शरीराचा प्रतिसाद दोन्हींना सारखाच आला. मनाचा मात्र आला नाही. पहिला चित्रपट पाहताना स्त्रियांना लाज, अपराधीपणा आणि नकोसेपणा अधिक वाटला, तर दुसऱ्याच्या वेळी त्यांनी स्वतःहून अधिक ओढ वाटल्याचे सांगितले. यावरून दिसते की स्त्रीची नापसंती ही दृश्यांना असते त्याहून अधिक त्या दृश्यांत तिला जे स्थान दिलेले असते त्याला असते. वर सांगितलेल्या त्या ऊसतोड कामगार बाईने याच अर्थाचा एक प्रश्न मला विचारला होता. नवऱ्याच्या फोनवरची ती बाई हसत होती ती खरोखर हसत होती का, आणि तिला तरी कोणी विचारले असेल का, असा तो प्रश्न होता. मला त्याचे उत्तर देता आले नाही.

पाहण्याच्या प्रमाणात मात्र मोठा फरक आहे, हे मान्य केलेच पाहिजे. २०१० मध्ये जेनिफर पीटरसन आणि जॅनेट हाइड यांनी लैंगिकतेविषयीच्या शेकडो अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा बहुतेक बाबतींत स्त्री-पुरुषांतील फरक लहान निघाले आणि ज्या थोड्या बाबतींत ते मोठे राहिले त्यांत अश्लील साहित्य पाहणे ही एक होती. पण याही आकड्यावर डोळे झाकून विसंबता येत नाही. अमेरिकेतील मिशेल अलेक्झांडर आणि टेरी फिशर यांनी २००३ मध्ये विद्यार्थ्यांची तीन गटांत विभागणी केली होती. एका गटाला वाटत होते की आपली उत्तरे कोणीतरी वाचणार आहे, दुसऱ्याला आपले नाव गुप्त राहणार असल्याची खात्री होती, आणि तिसऱ्याला खोटे पकडणाऱ्या यंत्राला जोडल्याचे भासवले होते. पुरुषांची उत्तरे फारशी बदलली नाहीत. स्त्रियांची बदलली, आणि हा बदल सर्वांत स्पष्ट दिसला तो हस्तमैथुन व असले साहित्य पाहणे यांसारख्या, बाईला न शोभणाऱ्या मानल्या गेलेल्या गोष्टींबाबत. उत्तर कोणी वाचील ही भीती असताना त्यांनी सर्वांत कमी सांगितले आणि खोटे पकडले जाईल असे वाटले तेव्हा सर्वांत अधिक.

आपल्याकडे तर यात आणखी एक साधी गोष्ट मिळवावी लागते, ती म्हणजे फोन कोणाचा आणि दार कोणाचे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ५७.१ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते, स्त्रियांत हेच प्रमाण ३३.३ टक्के होते. पूर्वी मोबाइलच्या दुकानांतून मेमरी कार्डात चित्रफिती भरून मिळत, त्या दुकानाची पायरी कोणती मुलगी चढणार होती? २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि दुकानाची गरज उरली नाही, पण फोनचा पासवर्ड नवऱ्याला माहीत असतो, भावाला माहीत असतो, कधी सासूलाही. पुरुष बांधावरच्या लिंबाखाली, बसस्थानकावर, मित्रांच्या खोलीवर निवांत पाहू शकतो. बाईला आपल्या दोन-तीन खोल्यांच्या घरात कडी लावायला दारही नसते. इतक्या पहाऱ्यात वाढलेल्या माणसाने पाहिले नाही, याला निसर्ग म्हणायचे की पहारा?

आणि स्त्रीला इच्छा नसते ही समजूत आपल्या मातीतली आहे असेही कोणी म्हणू नये. आपल्याच पैठणच्या सातवाहनांपैकी हाल राजाच्या नावाने ओळखला जाणारा, महाराष्ट्री प्राकृतातील सातशे गाथांचा संग्रह उघडून पाहावा. त्यातील कितीतरी गाथा शेतावर राबणाऱ्या, वाट पाहणाऱ्या, संकेत ठरवणाऱ्या स्त्रियांच्या तोंडच्या आहेत आणि त्या आपली ओढ लपवत नाहीत. अलीकडच्या काळात र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवून स्त्रीलाही पुरुषाइतकीच कामेच्छा असते हे मराठीतच मांडले. त्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. मिलिंद महाविद्यालयाच्या रूपाने ज्यांनी मराठवाड्यात उच्च शिक्षणाचे दार उघडले, त्यांना हा विषय बोलण्यासारखा वाटला होता.

‘पुरुष असाच असतो’ या वाक्याने पुरुषांचेही भले होत नाही, हे मला विशेष आग्रहाने सांगायचे आहे. लातूरला शिकवणीसाठी खोली घेऊन राहणारी मुले माझ्याकडे येतात. घरापासून दूर, दिवसाचे बारा-चौदा तास अभ्यास, सोबतीला फोन. त्यांतील एका विद्यार्थ्याने आपल्याला असाध्य रोग जडला आहे असे ठरवून टाकले होते आणि रस्त्याकडेच्या भिंतीवरील ‘गुप्तरोग’ वाल्या जाहिराती वाचून वडिलांनी शिकवणीसाठी दिलेल्या पैशांतून महागडी चूर्णे घेतली होती. त्याला रोग नव्हता, भीती होती. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या नव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झाले, अनावर लैंगिक वर्तनाचा विकार मान्य केला आहे, पण त्याचबरोबर हेही स्पष्ट केले आहे की केवळ आपल्या नैतिक कल्पनांना धक्का बसल्यामुळे होणारा मनस्ताप म्हणजे हा विकार नव्हे. ज्याचे झोप, अभ्यास, नोकरी, नाती हे सगळे कोलमडते आणि प्रयत्न करूनही ज्याला थांबता येत नाही, त्याला उपचार हवेत. इतरांना माहिती हवी आणि कोणीतरी न रागावता बोलणारे हवे. मुलीला ‘तुला काही वाटतच नाही’ म्हणून आणि मुलाला ‘तुला आवरताच येणार नाही’ म्हणून आपण दोघांनाही बोलण्याच्या बाहेर ठेवले आहे.

वर उल्लेख केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ज्यांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाले होते त्यांचे प्रमाण परभणी जिल्ह्यात ४८ टक्के आणि बीडमध्ये ४३.७ टक्के होते. राज्याचे प्रमाण २१.९ टक्के होते. कायद्याने हा गुन्हा आहे हे सांगून झाले, सांगत राहिलेच पाहिजे. परंतु अशा लग्नात नकारासाठी शब्दच नसलेली मुलगी, आणि फोन हेच ज्याचे एकमेव पाठ्यपुस्तक झाले आहे असा तरुण, यांची गाठ बांधली जाते, हे त्या आकड्यांमागचे वास्तव आहे. ज्यांना या विषयावर बोलणे असभ्य वाटते त्यांनी त्याचा विचार करावा.

बंदीचा उपाय सुचवणाऱ्यांना एवढेच स्मरण करून देते की २०१८ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने ८२७ संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश दिले होते, आणि तरीही आज आपण ही चर्चा करत आहोत. लहान मुलांच्या शोषणाच्या चित्रफितींची गोष्ट वेगळी आहे. त्या पाहणे आणि जवळ ठेवणे हाही गुन्हा आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले, आणि ते योग्यच झाले. त्याच निकालात न्यायालयाने लैंगिक शिक्षणाची गरजही सांगितली आहे. आपल्या राज्याने २००७ मध्ये शाळांतील किशोरवयीन शिक्षणाचा अभ्यासक्रम रोखला होता, आणि त्या वेळी शाळेत असलेली मुले आज आईबाप झाली आहेत.

माझी आपणास एक विनंती आहे. शासकीय रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक चालतात. तेथे मुलामुलींना गोपनीय सल्ला विनामूल्य मिळतो, पण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणालाच त्यांची माहिती नसते. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतील या केंद्रांचे पत्ते, वार आणि वेळा आपण महिन्यातून एकदा ठळकपणे छापाव्यात, आणि मुलींसाठी व मुलांसाठी वेगळ्या चौकटी न करता एकाच चौकटीत छापाव्यात. ती माहिती गोळा करण्याचे काम मी आणि माझ्या दोन माजी विद्यार्थिनी करायला तयार आहोत.

माझ्याकडे येणाऱ्या व्यक्तींची ओळख उघड होऊ नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. त्याच कारणाने माझे नाव छापू नये.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका,
अंबाजोगाई, जि. बीड